एक कळफलक, तीन मांडण्या : सामायिक संगणकावरील लेखनदोष आणि त्यांचे निवारण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या गुणांमध्ये दक्षतेची गणना केलेली आहे. संहिताकाळी उपस्थाता म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारा सेवक. आज आपल्या औषधालयात जो चूर्णाच्या पुड्या बांधतो, डबीवर चिठ्ठी चिकटवितो आणि त्या चिठ्ठीचा मजकूर संगणकावर टंकलिखित करतो, तोही उपस्थाताच होय. त्याची दक्षता मात्र आता केवळ त्याच्या हातात राहिलेली नाही. ती त्याच्या बोटांखालील कळफलक त्या क्षणी कोणत्या मांडणीवर आहे, यावरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच लहानशा दिसणाऱ्या, परंतु रुग्णाच्या मात्रेपर्यंत पोहोचणाऱ्या विषयाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी आमच्याच दवाखान्यात घडलेली घटना सांगणे आवश्यक वाटते. बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना व त्याला लागूनच छोटे औषधालय आहे. दोहोंत मिळून संगणक एकच. त्यावर तिघांचे हात चालतात. हिशेब व पत्रव्यवहार पाहणारे ज्येष्ठ लेखनिक तरुणपणी टंकलेखन वर्गात यंत्रावर मराठी टंकलेखन शिकले. औषधे देणारा तरुण सहकारी इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटविण्याची रीत मोबाइलवरच शिकला. आम्ही स्वतः उशिरा का होईना, इन्स्क्रिप्ट ही मांडणी शिकलो. एक यंत्र, तीन सवयी आणि त्यात बिलासाठी लागणारी इंग्रजी.

एके दिवशी मोताळा तालुक्यातील एक आजीबाई डबी हातात घेऊन परत आल्या. त्यांना आम्ही आरोग्यवर्धिनी सकाळी एक व रात्री एक अशी दिली होती. आजी म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, नातू म्हन्ते सकाळी नऊ अन् रात्री नऊ गोया घ्या लागते. येवढ्या गोया कशा घ्याव?” आम्ही डबी पाहिली. औषधाचे नाव, तारीख व किंमत इंग्रजीत छापली होती. मात्रेच्या ओळीत मात्र देवनागरी ‘१-०-१’ उमटले होते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाने सगळी चिठ्ठी इंग्रजी समजून देवनागरी एकाचा इंग्रजी नऊ वाचला. त्यात त्याची चूक नव्हती. दोन्ही अंकांची आकृती पुष्कळ सारखी आहे आणि आजूबाजूला सर्व इंग्रजीच होते.

आजींनी एकही गोळी घेतली नव्हती, हे त्यांचे शहाणपण आणि आमचे नशीब. ज्या कल्पात कज्जली व ताम्रभस्म आहे आणि ज्याचा मोठा अंश कुटकी आहे, तो नऊपट मात्रेत रोज दोन वेळा पोटात गेला असता तर काय झाले असते, हे वाचक वैद्यांस सांगणे न लगे.

शोध घेता दोष आमचाच निघाला. सहकाऱ्याने चिठ्ठीचा वरचा भाग इंग्रजीत लिहिला. मध्येच आम्ही त्याच संगणकावर एका रुग्णाची टिपणी लिहिण्यासाठी मांडणी मराठीवर नेली आणि तशीच ठेवून उठलो. त्याने परत येऊन मात्रेच्या तीन कळा दाबल्या. त्या मांडणीत अंकांच्या कळा देवनागरी अंक देतात, म्हणून ‘१-०-१’ उमटले. त्याच्या मराठी डोळ्याला तो एकच दिसला आणि चिठ्ठी छापली गेली. आमचा हात गेला होता टिपणीच्या चौकटीत, परिणाम झाला चिठ्ठीच्या चौकटीत. असे का घडले, ते पुढे येईलच.

या घटनेनंतर आम्ही या विषयाचा क्रमाने अभ्यास केला. आयुर्वेदाला त्रिसूत्र म्हटले जाते : हेतु, लिंग आणि औषध. त्याच क्रमाने हे निरूपण करीत आहोत.

हेतु : मांडण्या अनेक का?

कळफलकावरील अक्षरांची मांडणी हा निसर्गनियम नव्हे, तो संकेत आहे. इंग्रजीची आज सर्वत्र दिसणारी मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकलेखनयंत्राबरोबर आली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. पुढे १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोरॅक यांनी हाताला कमी श्रम व्हावेत या हेतूने वेगळ्या मांडणीचे एकस्व मिळविले. ती मांडणी आजही संगणकात निवडता येते, पण जगाची बोटे जुन्या मांडणीला सरावली होती ती तशीच राहिली. बोटांचे सात्म्य एकदा जडले की ते सहसा सुटत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

मराठीत आज प्रामुख्याने तीन रीती आढळतात.

पहिली टंकलेखनयंत्राची, जिला रेमिंग्टन मांडणी म्हणतात. यंत्राच्या मर्यादित कळांत देवनागरी बसविण्यासाठी त्यात अर्धी अक्षरे व काना वेगवेगळे ठेवले गेले. अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने कळा दाबावयाच्या. म्हणून ‘पित्त’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘प’ नंतर. शासकीय टंकलेखन परीक्षेसाठी गावोगावच्या वर्गांतून पिढ्यान्पिढ्या हीच रीत शिकविली गेली.

दुसरी इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ही समान मांडणी ठरविली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात तिचा समावेश झाला. वैद्यांना ती परकी वाटू नये, कारण तिची रचना वर्णमालेवर आधारलेली आहे. स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. अल्पप्राण साध्या दाबाने आणि त्याचा महाप्राण त्याच कळेवर शिफ्टसह : क-ख, ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. येथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने दाबावयाची. ‘पित्त’ म्हणजे प, ऱ्हस्व वेलांटी, त, हलन्त, त. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की सामान्यतः हीच मांडणी मिळते.

तिसरी उच्चारानुसारी, म्हणजे फोनेटिक. यात इंग्रजी अक्षरांनी शब्दाचा उच्चार लिहावयाचा आणि संगणकाने त्याचे देवनागरीत रूपांतर करावयाचे. मोबाइलमुळे तरुण वर्गात हीच रूढ झाली. विंडोज १० मध्येही २०१९ पासून मराठीसाठी असा कळफलक अंगभूत आहे.

या तिन्ही रीतींत एकच कळ वेगवेगळे अक्षर देते. इंग्रजी ‘डी’ची कळ रेमिंग्टनमध्ये ‘क’ देते, इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त देते आणि फोनेटिकमध्ये ‘द’ किंवा ‘ड’. उलटपक्षी ‘जे’च्या कळेवर रेमिंग्टन व इन्स्क्रिप्ट दोहोंतही ‘र’ आहे आणि ‘एफ’च्या कळेवर दोहोंतही ऱ्हस्व वेलांटी आहे. त्यामुळे एखादे अक्षर बरोबर उमटले, यावरून मांडणीही आपलीच आहे असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

चौथा हेतु फाँटचा. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि पुष्कळ ठिकाणी नंतरही, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये काम चाले. त्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीचेच असे, त्यावर फक्त देवनागरी वेष चढविलेला असे. वेष काढला की आतले निरर्थक इंग्रजी उघडे पडते. एका वैद्याने पाठविलेले टिपण दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य होऊन उमटते, त्याचे कारण बहुधा हेच. मांडणी ही कळ दाबण्याची रीत आहे, फाँट हा अक्षराचा वेष आहे आणि युनिकोड ही अक्षराची ओळख आहे. हे तीन पदार्थ भिन्न आहेत, हे नीट समजले की निम्मा गोंधळ संपतो.

पाचवा हेतु आपल्या प्रदेशाचा. जळगाव जामोद, संग्रामपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांकडील औषधालयांत मध्य प्रदेशातील रुग्णही येतात. त्यांना हिंदी चिठ्ठी सोयीची. शिवाय औषधे नियम १९४५ मधील नियम १६१ प्रमाणे, अनुसूची ई(१) मधील वत्सनाभ, विषमुष्टि, जयपाल, भल्लातक इत्यादी विषद्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सावधसूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत असावी लागते. म्हणजे विक्रीसाठी औषध निर्माण करणाऱ्याला एकाच वेष्टनासाठी निदान दोनदा आणि मराठी मजकूर असेल तर तीनदा मांडणी बदलावी लागते. हिंदी व मराठी दोहोंची लिपी देवनागरीच असल्यामुळे आपण कोणत्या भाषेत आहोत हे पाहून कळतही नाही.

लिंग : दोष ओळखावा कसा?

मांडणी चुकल्याने होणारे दोष दोन प्रकारचे आहेत : प्रकट आणि प्रच्छन्न.

प्रकट दोष तत्काळ दिसतो. इन्स्क्रिप्ट जाणणाऱ्याने इंग्रजी चालू असताना ‘पित्त’ लिहिले तर पडद्यावर एच, एफ, एल, डी, एल अशी निरर्थक अक्षरे उमटतात. रेमिंग्टनच्या सवयीने इन्स्क्रिप्टमध्ये वेलांटी आधी दाबली तर ती एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. याने वेळ जातो, त्रास होतो, पण रुग्णाला अपाय होत नाही, कारण असा मजकूर कोणी छापत नाही.

प्रच्छन्न दोषात मात्र चुकीच्या कळांतूनही अर्थपूर्ण शब्द किंवा अंक तयार होतो. डोळा त्यावर थांबत नाही. त्याची काही उदाहरणे पाहू.

इन्स्क्रिप्टमध्ये ‘वात’ या शब्दाच्या कळा बी, ई, एल अशा आहेत. इंग्रजी मांडणी चालू असताना ‘वात’ लिहिले तर पडद्यावर इंग्रजी लिपीत ‘बेल’ उमटते. उलट, साठ्याच्या यादीत इंग्रजीत ‘बेल’ शोधावयास जावे आणि मराठी मांडणी चालू असावी, तर शोधाच्या चौकटीत ‘वात’ येते आणि यंत्र सांगते की असा माल नाही. बिल्वचूर्णाचे डबे फळीवर असताना ते संपल्याची मागणी नोंदविली जाते. हा योगायोग गमतीचा आहे, पण अशा गमतीच औषधालयात महाग पडतात.

फोनेटिक रीतीचा प्रच्छन्न दोष अधिक गंभीर आहे, कारण इंग्रजी अक्षरे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सैल ठेवतात. ‘पथ्य’ आणि ‘पथ्या’ ही दोन्ही रूपे बहुतेक जण एकाच इंग्रजी वर्तनीने लिहितात. पहिल्याचा अर्थ आहारनियम, दुसऱ्याचा हरीतकी. तसेच ‘अभय’ आणि ‘अभया’, ‘अमृत’ आणि ‘अमृता’, ‘वसा’ आणि ‘वासा’. एकात मेदासारखे स्नेहद्रव्य, दुसऱ्यात अडुळसा. ‘बला’ लिहू जाता ‘बाला’ येणे तर नित्याचे. यंत्र अनेक पर्याय सुचविते तेव्हा नित्य व्यवहारातील शब्द बहुधा आधी येतो, आणि आपले द्रव्यनाम क्वचितच नित्य व्यवहारातील असते. काही साधने वापरणाऱ्याची निवड लक्षात ठेवून पुढच्या वेळी तीच पुढे करतात. सामायिक संगणकावर ती निवड दुसऱ्याच कोणाची तरी असते.

इन्स्क्रिप्टही निर्दोष नाही. त्यात काना आणि दीर्घ वेलांटी या दोन कळा शेजारी शेजारी आहेत. बोट एका घराने सरकले की ‘क्षार’चे ‘क्षीर’ होते. अपामार्ग क्षार आणि अर्कक्षीर यांविषयी लिहिताना ही सरक किती महाग पडेल, हे आपण जाणतोच. प्रत्येक मांडणीचे शेजार वेगळे, म्हणून प्रत्येक मांडणीच्या चुकाही वेगळ्या. मुद्रित तपासणाऱ्याला मजकूर कोणत्या रीतीने लिहिला आहे हे ठाऊक असेल, तर कोठे थांबून पाहावयाचे तेही ठाऊक असते.

अंकांचा दोष आरंभीच्या घटनेत आलाच आहे. देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा आणि देवनागरी चार इंग्रजी आठासारखा भासतो. आपण दोन्ही लिप्यांत वावरणारे असल्याने आपल्याला हा भ्रम होत नाही आणि म्हणूनच तो आपल्या नजरेस येत नाही. चिठ्ठी वाचणारा मात्र दुसराच असतो.

आणखी एक प्रच्छन्न लिंग नोंदींच्या शोधात आढळते. समजा, एका रुग्णास भल्लातक असात्म्य असल्याची नोंद पूर्वी जुन्या फाँटमध्ये केली होती. आज युनिकोडमध्ये ‘भल्लातक’ लिहून शोध घेतला, तर संगणक काहीच दाखविणार नाही, कारण त्याच्या लेखी ते दोन शब्द वेगळेच आहेत. ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ ‘त्रास नाही’ असा घेतला जाण्याचा संभव येथे आहे.

संकेतशब्दाचे लिंग त्या मानाने सौम्य. संकेतशब्द लिहिताना पडद्यावर केवळ ठिपके उमटतात, त्यामुळे मांडणी चुकल्याचे दिसत नाही. संकेतशब्द नाकारला गेला की तो बदलण्याची घाई न करता आधी मांडणी पाहावी.

औषध : निवारण कसे करावे?

संक्षेपाने चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हे सूत्र येथेही लागू पडते. आम्ही योजिलेले उपाय त्याच क्रमाने देत आहोत.

पहिला उपाय : प्रत्येकाचे स्वतंत्र प्रवेशखाते. विंडोजमध्ये एकाच संगणकावर अनेक वापरकर्त्यांची खाती उघडता येतात आणि प्रत्येक खात्यात आपापली मांडणी ठेवता येते. लेखनिकांच्या खात्यात रेमिंग्टन, सहकाऱ्याच्या खात्यात फोनेटिक, आमच्या खात्यात इन्स्क्रिप्ट. इंग्रजी सर्वत्र. कोणाच्याही खात्यात दोहोंहून अधिक मांडण्या ठेवल्या नाहीत. ज्या लागत नाहीत त्या काढून टाकल्या. एकमेकांच्या सवयीही त्यामुळे एकमेकांच्या यादीत शिरत नाहीत. संगणकापासून उठताना विंडोजची कळ व ‘एल’ दाबून पडदा बंद करण्याची सवय लावली.

दुसरा उपाय : चौकटीनिहाय मांडणी. विंडोज ८ पासून एका चौकटीत मांडणी बदलली की ती सर्वच चौकटींना लागू होते. आमचा अपघात यामुळेच झाला. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्जच्या भाषा व टंकलेखन विभागात कळफलकाचे प्रगत पर्याय आहेत. तेथे प्रत्येक चौकटीसाठी वेगळी मांडणी लक्षात ठेवण्याचा पर्याय निवडता येतो. मग बिलाची चौकट इंग्रजीत व टिपणीची मराठीत राहते. मात्र ही सोय आहे, हमी नव्हे.

तिसरा उपाय : बदल जाणून करणे. विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेस दाबली की उपलब्ध मांडण्यांची यादी समोर येते आणि आपण कोठे चाललो ते दिसते. डावी ऑल्ट व शिफ्ट एकत्र दाबल्यानेही भाषा बदलते, परंतु या जोडीला अनवधानाने बोट लागण्याचा संभव अधिक. त्याच प्रगत पर्यायांत ही जोडी निष्क्रिय करता येते. आम्ही ती निष्क्रिय केली. एकच मार्ग ठेवला म्हणजे मांडणी बदललेली असेल तर ती कोणीतरी जाणूनच बदललेली असते.

चौथा उपाय : आरंभपरीक्षा. खुर्चीवर बसताच पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी आणि ‘वैद्य १’ हा छोटा मजकूर लिहून पुसावा. त्यात जोडाक्षर आहे, मात्रा आहे आणि अंकही आहे. तिन्ही अपेक्षेप्रमाणे उमटले तरच पुढे जावे. नाडीपरीक्षेपूर्वी हात स्थिर करावा, तसे हे आहे.

पाचवा उपाय : द्रव्यनामे प्रत्येक वेळी नव्याने न लिहिणे. आमच्याकडील सर्व कल्पांची नावे एकदाच युनिकोडमध्ये लिहून, दोघांनी ग्रंथाशी ताडून यादी केली. चिठ्ठी करताना नाव त्या यादीतून निवडावयाचे. पथ्येचे पथ्य होण्याचा मार्ग येथेच बंद झाला. जेथे संस्कृत नावात संदेह संभवतो, तेथे कंसात लोकनाम दिले : पथ्या (हिरडा), अमृता (गुळवेल), वासा (अडुळसा), बला (चिकणा).

सहावा उपाय : मात्रा अक्षरांत. चिठ्ठीवरील मात्रा अंकांत न ठेवता शब्दांत छापतो : ‘सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी’. आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी व उर्दू वाचणारे रुग्णही आहेत आणि काही वाचन न येणारेही आहेत. उर्दूची उजवीकडून डावीकडे जाणारी चौथी मांडणी आम्ही संगणकावर आणली नाही. त्याऐवजी चिठ्ठीवर सूर्य व चंद्राच्या आकृती छापून त्यांच्यापुढे जितक्या गोळ्या तितकी वर्तुळे काढतो. वर्तुळाला लिपी नसते.

सातवा उपाय : दुहेरी वाचन. चिठ्ठी ज्याने लिहिली त्याने ती तपासू नये. औषध हाती देणाऱ्याने ती मोठ्याने वाचावी आणि रुग्णाकडून किंवा त्याच्या नातलगाकडून एकदा परत वदवून घ्यावी. नातवाने चिठ्ठी आमच्यासमोर वाचली असती, तर आजींना दुसरी खेप पडली नसती.

आठवा उपाय : जुन्या नोंदींचे रूपांतर. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु रूपांतरात रफार, जोडाक्षरे व वेलांट्या यांच्या जागा चुकू शकतात. म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी आणि रूपांतरित मजकूर डोळ्यांखालून घालावा. सर्व नोंदी एकदम शक्य नसतील तर असात्म्यतेच्या व विषद्रव्यांच्या नोंदी आधी घ्याव्यात.

पथ्यापथ्य

सर्वांनी एकच मांडणी शिकावी, म्हणजे प्रश्नच मिटेल, असे काही वैद्यमित्र सुचवितात. नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकावी, हे आमचेही मत आहे. ती प्रमाणित आहे, बहुतेक संगणकांत आधीच असते आणि एकदा बोटांत बसली की गुजराती, बंगाली इत्यादी लिप्यांतही तीच रचना कामी येते. परंतु ज्यांचे आयुष्य रेमिंग्टनवर गेले, त्यांच्यावर ती लादणे हे अपथ्य. आम्ही आमच्या ज्येष्ठ लेखनिकांना इन्स्क्रिप्ट शिकण्याचा आग्रह करून पाहिला. ते निमूटपणे प्रयत्न करीत राहिले, पण ज्यांच्या मजकुरात कधी काना चुकला नव्हता, त्यांच्या पत्रांत चुका दिसू लागल्या. तेव्हा आम्हीच माघार घेतली. सात्म्य झालेली गोष्ट अचानक सोडविल्याने विकार होतात आणि म्हणून ती पादांशाने, क्रमाक्रमाने सोडवावी, हे आपल्याच शास्त्राचे वचन आम्ही विसरलो होतो. आता ते आपल्या खात्यात आपल्या मांडणीवर लिहितात. दुहेरी वाचनात मात्र त्यांचाच डोळा सर्वांत तीक्ष्ण आहे आणि सहकाऱ्याने केलेल्या चिठ्ठ्या तेच तपासतात.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्याला कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. त्या सुटीमागे वैद्यावरचा विश्वास आहे. म्हणून आपल्या डबीवरची चिठ्ठी विकतच्या औषधाच्या वेष्टनाइतकीच, किंबहुना अधिकच, निःसंदिग्ध असावयास हवी.

आजीबाई अद्याप येतात. डबी घेतली की चिठ्ठीवरील सूर्याच्या चित्रावर बोट ठेवून “येक” आणि चंद्रावर बोट ठेवून “येक” असे म्हणतात व मग पिशवीत टाकतात. आमच्या औषधालयातील प्रत्येक चिठ्ठी इतक्याच स्पष्टपणे वाचता यावी, एवढीच अपेक्षा आहे. ज्या वैद्यबंधु-भगिनींच्या व औषधालयचालकांच्या संगणकावर एकाहून अधिक हात चालतात, त्यांनी आज सायंकाळी दवाखाना बंद करण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून एवढेच विचारावे : आपल्यापैकी कोण कोणत्या मांडणीवर लिहितो? उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असते आणि निवारणाचा आरंभ तेथूनच होतो.